सहा दिवस कमी पडले

सोलापुरात मी कामगारांच्या पीएफ-ईएसआयच्या, म्हणजे भविष्य निर्वाह निधी आणि कामगार विम्याच्या, कागदांचं काम करते. क्लेम भरणं, नावातली चूक दुरुस्त करून घेणं, पैसे अडकले असतील तर नेमके कुठे अडकलेत ते शोधणं. येणाऱ्यांत यंत्रमाग कामगार सगळ्यात जास्त.

२०२५ च्या दिवाळीनंतर अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातले तिघे आले. त्यातले वयाने मोठे, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांनी पिशवीतून मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. पुण्यातल्या भाच्याने काहीतरी पाठवलं होतं. परदेशी मालामुळे कापड कामगाराची नोकरी गेली तर सरकार पैसे देतं, शिकवतं, दुसऱ्या गावी जायचा खर्चसुद्धा देतं, असं त्यात होतं.

"मॅडम, हे आमचं भरून द्या," अण्णा म्हणाले.

मी वाचलं. माहिती खरी होती, पण ती अमेरिकेच्या कायद्याची होती. तसं सांगितल्यावर अण्णा म्हणाले, "आमचं काम बी अमेरिकेमुळंच गेलं की. मग ते आम्हाला का नाही?"

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ७ ऑगस्टला अमेरिकेने भारतीय मालावर २५ टक्के जादा शुल्क लावलं, २७ ऑगस्टला आणखी २५. त्यांच्या कारखान्याचा माल मुंबईच्या व्यापाऱ्यामार्फत तिकडेच जायचा. आधी एक पाळी बंद झाली, ऑक्टोबरमध्ये माग थांबले. कुणाला कामावरून काढल्याचं पत्र नाही. ऑर्डर आली की बोलावतो, एवढाच निरोप.

चहा मागवला आणि त्यांना ती योजना नीट समजावून सांगितली. १९६२ च्या व्यापार कायद्यात तिची सुरुवात झाली, १९७४ च्या कायद्याने ती रुंदावली. आयातीमुळे किंवा काम परदेशात गेल्यामुळे कारखान्यातली माणसं कमी झाली, तर दोन-तीन कामगार मिळून तिथल्या केंद्राच्या कामगार खात्याकडे अर्ज करू शकत. मग खातं कंपनीकडून विक्रीचे, आयातीचे आकडे मागवायचं. दाखला मिळाला की त्या गटातल्या सगळ्यांना दार उघडं. बेकारभत्ता संपल्यावर प्रशिक्षण चालू असेपर्यंत आठवड्याचा भत्ता. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने कमी पगाराची नोकरी धरली, तर जुन्या-नव्या पगारातल्या फरकाची निम्मी रक्कम, ठरावीक मर्यादेपर्यंत.

टॉवेलचंच उदाहरण दिलं. नॉर्थ कॅरोलायनात कॅनापोलिस म्हणून गाव आहे. तिथल्या गिरणीचे कॅनन टॉवेल एकेकाळी घराघरांत असायचे. आशियातून येणारा स्वस्त माल आणि डोक्यावरचं कर्ज, यात पिलोटेक्स ही कंपनी जुलै २००३ मध्ये बंद पडली. त्या भागातले ४,८०० च्या आसपास लोक एका झटक्यात घरी बसले. बऱ्याच जणांची शाळासुद्धा पुरी झालेली नव्हती. या योजनेतून ते उतारवयात तिथल्या कॉलेजात जाऊन बसले. सगळ्यांना चांगलं काम मिळालं असं नाही. पण तुझी नोकरी व्यापारामुळे गेली, तुझ्यामुळे नाही, हे सरकारने लिहून दिलं होतं.

अण्णांबरोबरचा तरुण म्हणाला, "म्हणजे आपल्यासारख्यांच्या टॉवेलने त्यांचं काम गेलं, आणि आता त्यांच्या टॅक्सने आपलं." खोलीत कुणीच काही बोललं नाही. आता तिकडेही १ जुलै २०२२ पासून नवे दाखले देणं थांबलंय, हे मी सांगितलं.

आपल्याकडे नोकरी का गेली याला कायद्यात फारशी किंमत नाही. १९८६ मध्ये केंद्राने बंद गिरण्यांच्या कामगारांसाठी पुनर्वसन निधी काढला होता, पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, मग ५०, मग २५. त्यात लघुउद्योगांना जागा नव्हती, आणि २०१७ मध्ये ती योजना ईएसआयच्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत विलीन झाली. तिथे निम्म्या मजुरीचा भत्ता मिळतो खरा, पण कारखाना बंद झाल्याचा किंवा कपात झाल्याचा कागद लागतो. "बोलावतो" याला कागद कुठून आणायचा?

उरली ईएसआयचीच अटल विमित व्यक्ती कल्याण योजना. सरासरी मजुरीच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच. मालकाच्या सहीशिवाय थेट अर्ज करता येतो. दोन वर्षं विमित, म्हणजे ईएसआय भरलेली, नोकरी हवी आणि काम जाण्याआधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी. पोर्टल उघडलं. अण्णांच्या नावावर एप्रिल ते सप्टेंबर दर महिन्याला बारा दिवस. सगळे मिळून ७२.

"बारा?" अण्णांनी पिशवीतून डायरी काढली. खिशात मावेल एवढी, पुठ्ठ्याला तेलाचे डाग, मधे रबरबँड. तेलुगूत लिहिलेलं, आकडे मात्र आपले. तारीख, पाळी, किती डझन उतरले, आठवड्याला हातात किती आले. शेजारच्या दुकानातल्या मुलीला बोलावून वाचून घेतलं. जून महिन्यात चोवीस दिवस. जुलैत पंचवीस. मालकाने दिवस निम्मे दाखवले की ३.२५ टक्क्यांची त्याची वर्गणीही निम्मी होते. कामगाराला आजवर त्याचा पत्ता लागत नव्हता, कारण ईएसआयचा दवाखाना चालत होता.

हे पाहून मला अतिशय राग आला आणि अजूनही येतो. अमेरिकेच्या त्या कायद्यात आकडे काढायची जबाबदारी सरकारची होती. इथे तीस वर्षं माग चालवलेल्या माणसाने आपण कामगार होतो हे आधी सिद्ध करायचं, तेही एकट्याने.

अण्णांना तक्रार करायची नव्हती. ऑर्डर आली तर परत तिथेच जायचं होतं ना. बराच वेळ डायरी मिटून बसले. मग त्या तरुणाने विचारलं, "तिकडं दोन-तीन जण मिळून अर्ज करत होते म्हणालात. आपण तिघं आहोत की." वर्गणीचे दिवस कमी दाखवल्याची तक्रार आम्ही तिघांच्या सहीने लिहिली. डायरीच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या, कारखान्याचं उत्पादनाचं रजिस्टर तपासा अशी मागणी केली. तिसरे वारपिंगवाले, म्हणजे मागासाठी ताण्याचं सूत गुंडाळणारे, त्यांचे दिवस कसेबसे भरत होते. त्यांचा क्लेम त्याच दिवशी ऑनलाइन टाकला आणि पुढे त्यांच्या खात्यात पैसेही आले.

अण्णांच्या तक्रारीची तपासणी चालू आहे. सध्या ते एका गोदामावर रात्रपाळीला वॉचमन आहेत. तिथे ईएसआय किती दिवसांचा भरतात, हे दर महिन्याला मोबाईलवर बघायला मी त्यांच्या भाच्याला शिकवलंय.