अंतल्यात घर शोधावे ते आठवडी बाजार पाहून

परदेशी नोकरीला निघालेला मुलगा म्हटले की आमच्या वरूड तालुक्यात दुबई किंवा मस्कत आठवते. माझा धाकटा भाऊ मात्र तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरील अंतल्या शहरात हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला आहे, आणि एका हिवाळ्यात मी त्याच्याकडे मुक्काम करून आल्यापासून तिकडे जाऊ पाहणाऱ्या मुलांचे आईवडील माझ्याकडे चौकशीला येतात. वडील पगाराचे आणि व्हिसाचे विचारतात. आईचा प्रश्न ठरलेला असतो, ‘‘तथी भाजीपाला भेटते का, भाऊ?’’ राहण्यासाठी वस्ती निवडताना हाच प्रश्न आधी विचारावा, असे माझे मत झाले आहे. समुद्र काय, सुटीच्या दिवशी ट्रामने जाऊनही पाहता येतो.

मागे तोरोस पर्वत आणि पुढे भूमध्य समुद्र अशा जागेत हे शहर पसरले आहे. पश्चिमेचा कोन्याआल्ती हा भाग परदेशी रहिवाशांचा सर्वांत आवडता. समोर गोट्यांचा लांबलचक किनारा आणि मागे लिमान, हुर्मा, उंजाली अशा मोहल्ल्यांतून उभ्या राहिलेल्या नव्या इमारती, असे त्याचे रूप आहे. येथे रशियन लोक पूर्वीपासूनच पुष्कळ होते. 2022 साली युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर दोन्ही देशांतील कुटुंबे आणखी मोठ्या संख्येने आली आणि घरभाडी भडकली. दुकानांच्या पाट्या रशियन भाषेत दिसतात, आणि फ्लॅट पाहायला गेल्यास दलालही आधी त्याच भाषेत बोलू लागतो. पूर्वेकडील लारा हा जुन्या सधन तुर्की कुटुंबांचा भाग असून तेथे उंच कड्यावरून द्युदेन नदी थेट समुद्रात कोसळते. वाळूचा किनारा आणि मोठमोठी हॉटेले त्याच्याही पुढे आहेत. आपल्याकडच्या मुलांना काम बहुधा त्या बाजूला मिळते, पण तेथील भाडे त्यांच्या पगारात बसत नाही.

घर आवडले म्हणून लगेच अनामत रक्कम देऊ नये. परदेशी रहिवाशांचे प्रमाण 20 टक्क्यांहून अधिक झालेल्या मोहल्ल्यांत नव्याने येणाऱ्या परदेशी माणसाची पत्तानोंदणी बंद करण्याचा नियम 1 जुलै 2022 पासून लागू झाला आणि देशभरातील 1169 मोहल्ले त्या यादीत गेले. अंतल्यातील काही मोहल्लेही त्यांत होते. घरमालक ‘‘काही अडचण नाही’’ असे म्हणतो, परंतु त्याच्या म्हणण्यावर निवास परवाना मिळत नसतो. तेव्हा त्या पत्त्यावर नोंदणी होते की नाही, हे करारावर सही करण्यापूर्वी सरकारी कार्यालयातूनच विचारून घ्यावे. शिवाय भाड्याखेरीज इमारतीच्या देखभालीचा मासिक ‘आयदात’ किती, हेही आधी ठरवून घ्यावे.

भाऊ राहतो तो केपेझ हा शहराच्या उत्तरेचा, कामगारवर्गाचा भाग आहे. तेथून समुद्र दिसत नाही, उन्हाळ्यात वाराही कमी लागतो, पण भाडे झेपते आणि ट्रामने शहरात येता येते. तेथील दोकुमा या परिसराला सुती कापडाच्या गिरणीमुळे ते नाव पडले. गिरणी बंद पडल्यावर त्या जागेचे सार्वजनिक उद्यान झाले असून संध्याकाळी कुटुंबे चहाची किटली घेऊन तेथे येऊन बसतात. नागपूरची 1877 सालची एम्प्रेस मिल आणि आज त्या जागेवर उभा असलेला मॉल ज्याने पाहिला आहे, त्याला तेथे फिरताना थोडा हेवा वाटल्यावाचून राहत नाही.

आता बाजाराविषयी. प्रत्येक भागाचा आठवडी बाजार ठरलेल्या वारी भरतो आणि तेथे येणारा माल दूरचा नसतो, कारण अंतल्या प्रांत हरितगृहातील भाजीपाल्यासाठी तुर्कस्तानात अग्रेसर आहे. कुमलुजा, देम्रे या भागांतून ऐन हिवाळ्यात टोमॅटो, काकडी, वांगी, मिरची येते. हिवाळ्यात फिनिकेची संत्रीही ढिगाने असतात. ती घट्ट सालीची आहेत; आपल्या संत्र्यासारखी नखाने सोलायला गेल्यास बोटे दुखतात, म्हणून तेथे चाकूनेच कापतात. रस्त्याकडेच्या झाडांवर लगडलेली फळे मात्र कडू नारिंगे असून त्यांच्या सालीचा मुरंबा करतात. बाजाराच्या एका कडेला गावाकडून आलेल्या बाया गोझलेमे करीत बसतात. लांब, बारीक लाटण्याने कागदाइतकी पातळ पोळी लाटायची, अर्ध्या भागावर पालक आणि चीज पसरून ती दुमडायची आणि उपड्या तव्यावर टाकून वरून लोण्याचा हात फिरवायचा, असे ते काम चालते. उपड्या मातीच्या रांझणावर लांब पोळ्या टाकणाऱ्या आमच्या काकूंचा हात ज्याने पाहिला आहे, तो तेथे घटकाभर उभा राहणारच. संध्याकाळ झाली की भाव उतरतात, हे मात्र जगभर सारखेच असावे.

रोजच्या जेवणासाठी ‘एस्नाफ लोकांता’, म्हणजे कामगारांची आणि दुकानदारांची साधी खाणावळ, शोधावी. काचेमागे गरम पाण्यावर ठेवलेली पातेली असतात, त्यांतील हवे त्याकडे बोट दाखवायचे. पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांची पातळ भाजी, काबुली चणे, वांगी, भात आणि लिंबू पिळायचे मसूरडाळीचे सूप इतके बहुतेक ठिकाणी असते, आणि पाव त्याबरोबर सहसा फुकट येतो. दुपार उलटली की पातेली रिकामी होऊ लागतात, म्हणून येथे उशिरा जाऊ नये. या शहराचा खास पदार्थ म्हणजे पियाझ. इतरत्र तो पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांचा साधा सलाड असतो. अंतल्यात त्यावर तिळाच्या वाटणात लसूण, लिंबू आणि व्हिनेगर घालून केलेला दाट रस ओततात आणि वरून उकडलेल्या अंड्याच्या फोडी ठेवतात. तो मांसाच्या कोफ्त्यांबरोबर खाण्याची रीत आहे. पण मी नुसता पियाझ आणि पाव यांवर कित्येक दुपारी काढल्या आणि पोट भरले नाही असे कधी झाले नाही. शाकाहारी माणसाने मात्र सावध राहावे. डाळीच्या सूपमध्ये किंवा घेवड्याच्या भाजीत मांसाचे पाणी असू शकते, म्हणून ‘एत्सिझ’, म्हणजे मांसाविना, एवढा एक शब्द पहिल्याच दिवशी पाठ करावा.

कालेइची या जुन्या गावात, जेथे रोमन सम्राट हेड्रियनच्या भेटीसाठी इ.स. 130 मध्ये बांधलेली वेस अजून उभी आहे, तेथे फिरायला जरूर जावे. जेवायला जावेच असे नाही. तेथील दर पर्यटकांसाठी आहेत. येथे मी कोणतेच दर दिलेले नाहीत, कारण ऑक्टोबर 2022 मध्ये तुर्कस्तानातील वार्षिक महागाई अधिकृत आकड्यानुसार 85 टक्क्यांवर गेली होती, आणि अशा देशातले जुने दर सांगून कोणाचे अंदाजपत्रक बिघडवण्यात अर्थ नाही.

राहिला मुलाबरोबर काय द्यावे हा प्रश्न. मसूर आणि चणे तेथे मुबलक मिळतात, त्यामुळे त्यांचे ओझे करू नये. तुरीची डाळ, ज्वारीचे पीठ, मोहरी आणि घरचे तिखट द्यावे. तिखट थोडे जास्तच द्यावे, कारण बाजारातल्या त्या लांब हिरव्या मिरच्या दिसायला जहाल आणि खायला बहुतेक सगळ्या गोड असतात.