गोडं तेल आणि ब्रेक ऑईल

आप्पांची फियाट १९८३ सालची. कागदावर प्रीमियर पद्मिनी, पण अंबाजोगाईत तिला त्या नावानं कुणी ओळखत नाही. गिअर स्टिअरिंगपाशी, चारही चाकांना ड्रम ब्रेक.

गेल्या वर्षी तिनं ब्रेकचं दुखणं काढलं. आधी मागचं डावं चाक आतून ओलं दिसायला लागलं. मिस्त्रीनं व्हील सिलिंडरचं, म्हणजे चाकातला ब्रेक दाबणाऱ्या नळकांड्याचं, रबरी किट बदललं. दीड महिन्यानं पुढचं चाक, मग पुन्हा मागचं. दर खेपेला तो रबराचा कप चिमटीत धरून म्हणायचा, "डुप्लिकेट माल यायलाय, आप्पा." आम्हीही माना डोलवायचो. डुप्लिकेट हे कारण फार सोयीचं, त्यात घरातल्या कुणाचा दोष निघत नाही. मग थेट संभाजीनगरहून नवा मास्टर सिलिंडर आणला, पेडल दाबलं की चारही चाकांकडं दाब पाठवतो तो. तोही तीनच महिने टिकला.

पुढं तर उलटंच झालं. बीडला निघालो होतो. नेकनूर सोडलं आणि गाडी जड वाटायला लागली, जणू मागून कुणी धरून ठेवलीय. मांजरसुंब्याला उतरलो तर चाकांजवळ जळका वास. ब्रेक लागत नव्हते ते एक बरं, आता सुटतच नव्हते! तशा गाडीनं घाट उतरायची छाती झाली नाही.

तिथं एक म्हातारे मिस्त्री भेटले, जुन्या ॲम्बेसिडर टॅक्स्यांवर हात बसलेले. त्यांनी चाकामागचं ब्रेक ऑईल सोडायचं निपल सैल केलं. ऑईलची पिचकारी उडाली आणि चाक मोकळं फिरलं. "दाब आत अडकायलाय," एवढंच बोलले. मास्टर सिलिंडर खोलून जुना कप नव्या कपाशेजारी ठेवला. जुना रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्यासारखा टम्म फुगलेला. ब्रेक सोडल्यावर ऑईल परत ब्रेकच्या टाकीत यायचं जे बारीक भोक असतं, ते त्यानं बुजवून टाकलं होतं. मग चहावाल्याकडून काचेच्या ग्लासात पाणी मागवलं आणि टाकीतलं थोडं ऑईल त्यात ओतलं. बरंचसं पाण्यात विरघळलं. वर मात्र तेलाचा तवंग तरंगत राहिला.

"वरून काय घालता?"

आप्पा घाटाकडं बघायला लागले. डिकीत इंजिन ऑईलचा डबा होता.

ब्रेक ऑईल हे तेल नसतंच. डॉट ३, डॉट ४ असं बाटलीवर लिहिलेलं असतं ते ग्लायकॉलच्या जातीचं, पाण्यात मिसळणारं. ब्रेकचं रबर त्याच्याशीच जमवून घेतं. इंजिन ऑईल लागलं की फुगतं, मऊ पडतं. आम्ही एकेक सुटा भाग बदलत राहिलो आणि पाइपात उरलेलं तेल नव्या रबराला नासवत राहिलं. सगळ्यात वाईट वाटलं ते सुरुवातीचं. ब्रेकची लायनिंग झिजते तशी टाकीतली पातळी थोडी खाली जातेच. आप्पांनी ती बघितली आणि मायेनं भर घातली. ऑईल ते ऑईल.

दोष आप्पांना तरी किती द्यावा? आमच्याकडं गोडं तेल म्हणतात ते गोड नसतं, पण म्हणून शिऱ्यात साखरेऐवजी कुणी ओतत नाही. ब्रेकच्या बाबतीत मात्र नावानं फसवलं. (आईनं हे ऐकून 'पाककलेचं ज्ञान कुणाला शिकवताय' असं बघितलं.)

मास्टर, चारही चाकं, होज पाइप, एकूणएक रबर एकदम बदललं. लोखंडी नळ्या स्पिरिटनं धुतल्या. मिस्त्रींनी रॉकेलचा डबा आधी लांब सरकवून ठेवला, पार्ट धुवायलाही नको म्हणून. खर्चाचा आकडा आप्पांनी आईला अजून सांगितलेला नाही.

परवा मी त्यांच्यासोबत पार्टच्या दुकानात होतो. आप्पांनी घसा खाकरला. "ते ब्रेकचं द्या. म्हणजे ऑईल नसतंय ते."

दुकानदारानं जरा वेळ बघितलं. "ब्रेक ऑईल का?"

"हाव, तेच."