लेबल १९४३ चं, धागा नंतरचा

बॅटलड्रेस म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकाचं आखूड लोकरी जॅकेट. मला दाखवलेल्या जॅकेटच्या आत १९४३ चं लेबल होतं आणि किंमतही त्या सालाला शोभेल अशीच सांगितली होती. लेबल कुणीही शिवू शकतो, म्हणून मी आधी कापडाकडे वळलो.

हे कापड लोकरीचं सर्ज, तिरप्या रेघांच्या विणीचं. बाहेरची बाजू ऊन आणि धुण्याने बदललेली असते, त्यामुळे खिसे उलटे करून शिवणीत दडलेली पट्टी पाहिली. तिथला रंग गडद होता आणि उघड्या भागाकडे हळूहळू विटत गेला होता. असं विटणं वापरातूनच येतं. रसायनाने जुनाट केलेल्या कापडात फिकेपणा शिवणीच्या आतही शिरलेला दिसतो.

मग अंधारात अतिनील टॉर्च. या टॉर्चवर लोक फार भिस्त ठेवतात, ते मला पटत नाही. कपडा उजळ दिसावा म्हणून हल्लीच्या धुण्याच्या पावडरीत जी रसायनं असतात, ती निळसर चमकतात. अस्सल जॅकेट अशा पावडरीत एकदा धुतलं तरी चमकेल, आणि लोकरीची नवी नक्कल काळीच राहू शकेल. इथे कापड, अस्तर, मूळ टिपा सगळं काळं होतं. चमकली ती फक्त लेबलभोवतीची टीप. सगळंच पावडरीत धुतलं असतं तर एकटी टीप कशी चमकेल?

मालकाच्या परवानगीने शिवणीतला एक तंतू काढून जाळला. केस जळल्याचा वास आला, ज्योत दूर करताच तो विझला, राख बोटाने चुरली. लोकरच. लेबलचा धागा मात्र वितळून त्याचा कडक मणी झाला. पॉलिएस्टरचा शोध ब्रिटनमध्ये १९४१ चा, पण बाजारात ते युद्धानंतर आलं. नायलॉन तेव्हा होतं, तेही पॅराशूटसारख्या कामांना लागायचं.

लोकर मिळाली म्हणून जॅकेट युद्धातलं ठरत नाही, कारण सर्जचे बॅटलड्रेस युद्धानंतरही बनत राहिले. तो निवाडा कॉलरने दिला. १९४९ च्या नमुन्यात ती टाय दिसेल अशी उघडी असते. इथे ती गळ्याशी हुकने बंद होणारी, जुन्या कापणीची होती.

लेबल वगळून किंमत ठरवली आणि जॅकेट घेतलं. नोंदवहीत लिहिलं: कापड अस्सल, कापणी युद्धकाळातली, साल अनिश्चित.