तुम्ही विचारलंत म्हणून: रिफ्लो ओव्हन कुठला घ्यावा?

सर्किट बोर्डावर कथिलाची पेस्ट लावून वर सुटे भाग ठेवायचे आणि ती वितळवून ते जोडायचे, त्यासाठीची भट्टी म्हणजे रिफ्लो ओव्हन. गोव्यात डिचोलीला घरी येऊन माझे बोर्ड पाहणारा प्रत्येक जण शेवटी हेच विचारतो. मी मॉडेलचं नाव घेत नाही म्हणून काहींना वाटतं, हा हातचं राखतोय. राखत नाही. ऐका.

तीन वर्षांपूर्वी चवथीच्या मखरासाठी आठ-आठ एलईडींच्या सहा पट्ट्या केल्या. ड्रॉवरवाला इन्फ्रारेड ओव्हन नवाकोरा होता. श्रावणातला पाऊस, आणि एलईडींची रीळ जूनमध्ये फोडून टेबलावर तशीच पडलेली. बाहेर आलेले सांधे नजर लागावी असे भरलेले होते. चवथीच्या आदल्या रात्री पट्ट्या जोडल्या, तर तिसरीतला पाचवा दिवा लागेना. यांच्यात डेटा एका दिव्यातून पुढच्या दिव्यात जातो, त्यामुळे पुढचं सगळं काळोखात. हॉट एअरने, म्हणजे गरम हवेच्या झोताने सांधा वितळवून, तो बदलला, तर शेजारचा गेला. तोही बदलला. रात्री अडीचला बाबा माटोळीला (गणपतीच्या वर टांगतात त्या फळापानांच्या चौकटीला) कवंडळं बांधता बांधता म्हणाले, "राहू दे रे, समई आहे." ते अजून लागतं मला.

नंतर मेलेला दिवा भिंगाखाली धरला. पारदर्शक थराच्या कडेने चंदेरी रेघ होती: थर सुटलेला, आतली केसाहून बारीक तार तुटलेली. दिव्याने शोषलेल्या दमटपणाची दोनशे अंशांवर वाफ झाली होती.

त्याआधी मी ओव्हनलाच दोष दिला होता, तुमच्यातल्या दोघातिघांना "तो घेऊ नका" असं ठासून सांगितलंही होतं. ते सगळंच चूक नव्हतं. के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बोर्डाला चिकटवून पाहिलं: ओव्हनच्या पडद्यावर 245 अंश, बोर्डाच्या मधोमध 243, कोपऱ्यात 221. शिसं नसलेली नेहमीची पेस्ट 217 च्या पुढे वितळते. कोपरा वितळावा म्हणून मी वेळ वाढवली होती, म्हणजे मधले दिवे जास्त भाजले. पण दिव्यांच्या पाकिटावर 5ए छापलं होतं, म्हणजे ते दमटपणा किती सोसतात त्याची श्रेणी; ते कुणी वाचायचं? पाकीट फोडल्यावर 24 तासांत वापरायचे, तेही 30 अंश आणि 60 टक्के आर्द्रतेच्या आत. आपल्याकडे श्रावणात 60 टक्के कुठून आणणार? मग दिवे ओव्हनने मारले की मी? अजून ठरत नाही.

आता वेगळा ठेवलेला ओटीजी आहे, त्यात अन्न कधीच जात नाही. सॉलिड स्टेट रिले (वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि थर्मोकपल मी बसवलं. कोपऱ्यातला फरक कमी झाला, पण तो इतका सावकाश तापतो की कधी कधी फ्लक्स (कथील नीट धरावं म्हणून पेस्टमध्ये असतो तो पदार्थ) आधीच सुकतो. मध्येच वीज गेली तर बोर्ड अर्धवट. म्हणून हाच घ्या असंही म्हणवत नाही. कुठलाही घ्या, पण पडद्यावरचा आकडा मानू नका, आणि पावसाळ्यात दिवे सुकवल्याशिवाय आत घालू नका. मी 70 अंशांवर 24 तास ठेवतो.

यंदा 138 अंशांवर वितळणारी कथील-बिस्मथ पेस्ट वापरली. सगळे दिवे लागले. पण तो सांधा ठिसूळ. मखर उतरवायच्या आधी पट्ट्या मी स्वतः सोडवून घेतल्या, बाबांनाही हात लावू दिला नाही.