अंधाराचा कोटा

परवा दुपारी जेवणं झाल्यावर भाची माइनक्राफ्ट, तो ठोकळ्यांच्या जगाचा व्हिडिओ गेम, खेळत बसली होती आणि मी शेजारीच लवंडले होते, डोळा लागतच होता तेवढ्यात तिचा आवाज, "मावशी, या गुहेत किती टॉर्च लावून ठेवल्यास गं, लग्नाचा हॉल वाटतोय!"

ते जग आमचं दोघींचं सामायिक. ती किल्ले बांधते आणि मी टॉर्च लावत फिरते. गुहेत आत शिरताना डाव्या भिंतीला, म्हणजे परत येताना ते सगळे उजवीकडे दिसले की रस्ता बरोबर. एक कोळसा आणि एक काडी यात चार टॉर्च होतात, मग कंजुषी कशाला करायची.

"पण आता एवढे लागत नाहीत," म्हणाली. तसं तिचं खरंय. पूर्वी उजेडाची पातळी 7 किंवा त्याच्या खाली गेली की झॉम्बी, क्रीपर, सांगाडे सगळी राक्षस मंडळी उगवायची, मग 2021 च्या शेवटी गेमची 1.18 आवृत्ती आली आणि नियम बदलला, आता उगवायला ठार अंधार लागतो, अगदी 0. टॉर्चचा उजेड 14, दर ठोकळ्याला एकानं कमी होत जातो, म्हणजे एकच टॉर्च केवढी जागा सांभाळतो बघा. हे सगळं मला पाठ आहे. पण अर्धवट उजेड दिसला की माझा हात आपोआप टॉर्चकडे जातो, त्याला मी काय करू.

याचं मूळ आजोळी असणार. कोकणात, आणि लाइट गेलेले असायचे, म्हणजे बहुतेक रोजच. संध्याकाळी कंदिलाची काच पुसायचं काम पोरांकडे, कारण मोठ्यांचा हात काचेत शिरायचा नाही. आधी चुलीतली राख, मग पेपरचा बोळा, आणि काजळी पार मनगटापर्यंत. वात जरा जास्त वर केली की काच एका बाजूनं लगेच काळी व्हायची आणि आजी माजघरातून ओरडायची, तिला तिथे बसून कसं कळायचं देव जाणे. त्या कंदिलाचा उजेड मागल्या दाराच्या पायऱ्या उतरून जेमतेम विहिरीच्या वाटेपर्यंत, आणि संडास फणसाच्या पलीकडे. फणसावर कोण राहतं हे मामेभावाला नावानिशी माहीत होतं. मी कंदील घेऊन निघायचे, रामनाम चालू, आणि गंमत म्हणजे जवळपास कधीच कोणी नसायचं, जे काय असेल ते उजेड संपतो त्याच्या जरा पलीकडे, आणि मी दोन पावलं पुढे गेले की तेही तेवढंच मागे सरकायचं.

गेममध्ये अगदी हेच आहे हो. तुमच्यापासून 24 ठोकळ्यांच्या आत काही उगवतच नाही, कितीही अंधार असू दे. जे येतं ते लांब कुठेतरी उगवतं आणि मग चालत येतं. आणि 128 च्या पलीकडे गेलं की गायब. म्हणजे भुतं जगभर पसरलेली वगैरे नाहीतच, ती तुमच्याभोवतीच एका कड्यात असतात आणि तुम्ही जाल तिकडे ते कडं येतं. बनवणारे स्वीडनचे, त्यांनी फणसाचं झाड पाहिलंय की नाही कुणास ठाऊक.

त्याहून भारी म्हणजे कोटा. जावा एडिशनमध्ये, म्हणजे गेमच्या कॉम्प्युटरवरच्या मूळ आवृत्तीत, एकट्यानं खेळत असाल तर एका वेळी साधारण 70 राक्षस, भरले की नवीन उगवणं बंद. आता तुम्ही एक गुहा उजळली तर तिथले कमी होतात, पण कोटा तसाच, मग ते दुसऱ्या गुहेत, नाहीतर तुम्हाला माहीतही नाही अशा पायाखालच्या पोकळीत. म्हणून तर मॉब फार्म करणारे, म्हणजे राक्षस मुद्दाम एका जागी गोळा करणारे, आजूबाजूचं सगळं उजळून टाकतात आणि एकच खोली अंधारी ठेवतात, म्हणजे झक मारत सगळे तिथेच.

हे भाचीनं मला समजावलं तेव्हा मी ताडकन उठून बसले, कारण आजोळी संडासाजवळ ट्यूबलाइट लागली त्या मे महिन्यात मामेभाऊ मला गंभीरपणे म्हणाला होता की तो आता फणसावर नाही, विहिरीवर गेलाय. त्या वयात त्याला कोट्याचं गणित कुठून सुचलं? विहिरीवर पण दिवा लागला असता तर पुढे कुठे, गोठ्यात? आणि आम्ही जूनमध्ये मुंबईला परतलो की मग काय, 128 च्या बाहेर?

भाचीला हे सांगत बसले तर ती म्हणे पीसफुल मोडवर टाक ना मग, एका क्लिकमध्ये सगळे गायब. टाकून बघितलंय. भूकसुद्धा लागत नाही त्यात, नुसतं बागेत हिंडल्यासारखं वाटतं, कशाला खेळायचं मग.

म्हटलं मामेभावालाच विचारावं. रात्री फोन केला, फणस, ट्यूबलाइट, विहीर सगळं आठवण करून दिलं. तो ऐकून घेत होता, मधे टीव्हीचा आवाज. म्हणाला फणस तर कधीच तोडला, विहिरीवर पंप बसवलाय, आणि ते सगळं राहू दे, आत्याला विचार, हक्कसोडपत्रावर सही करायला ती कधी येतेय.