अंगण वाकडंच हवं

पहिला कंडेन्सर माइक घरी आला त्या रात्री मी एक गाणं रेकॉर्ड केलं आणि हेडफोन लावून ऐकत बसलो. आधी पंखा ऐकू आला. मग फ्रिज, मग भिंतीवरचं घड्याळ. आणि या सगळ्यांच्या मागे कुठेतरी मी, न्हाणीघरात कोंडल्यासारखा गात होतो.

दोष अर्थातच माइकला दिला. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आपल्यासाठी नाही असं प्रत्येक नाचणाऱ्याला वाटतंच. मग आठवडाभर दुसऱ्या माइकांची माहिती वाचली. कंडेन्सरचा पडदा अतिशय पातळ, त्याला इंटरफेसवरून (म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या पेटीतून) ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माइकच्याच तारेतून वीज, द्यावी लागते, आणि तो बारीकसारीक सगळं टिपतो. डायनॅमिक माइकच्या पडद्याला तारेचं वेटोळं चिकटलेलं, म्हणून तो जरा जाड कानाचा. शूर एसएम५८ हा १९६६ साली आलेला डायनॅमिक माइक अजूनही जगभरच्या स्टेजवर दिसतो. मीही एक डायनॅमिक माइक घेतला. पंखा बराच मागे हटला! पण खरं गुपित असं, की हा माइक आपण ओठांजवळ धरतो, त्यामुळे तोंड मोठं आणि खोली लहान होते. कंडेन्सरच्या जवळ सरकून गायलो असतो तरी बराच फरक पडला असता. (फार जवळ गेलं की आवाजातला खर्ज फुगतो आणि कुणीही बातम्या देणारा वाटायला लागतो, ते वेगळं.)

न्हाणीघर मात्र गेलं नाही. शेवटी रिकाम्या भिंतींमध्ये उभं राहून एक टाळी वाजवली. टाळीमागून ‘टर्रर्र’ असा बारीक आवाज शेपटासारखा आला. समोरासमोरच्या दोन सरळ, उघड्या भिंती आवाजाला चेंडूसारखा टोलवत होत्या. म्हणूनच स्टुडिओ बांधणारे पुष्कळदा भिंती मुद्दाम थोड्या तिरक्या करतात. हे वाचलं आणि मला हसू आलं. माझं अंगण वाकडं नव्हतं, तीच तर अडचण होती.

भिंती काही तिरक्या करता येत नाहीत. अंड्यांचे पुठ्ठे लावून पाहिले. ते इतके हलके असतात की आवाज त्यांना जुमानत नाही, खोली तेवढी कोंबड्यांच्या खुराड्यासारखी दिसते. कामाला आलं ते घरातलंच सामान. कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट सताड उघडं ठेवलं, समोरच्या भिंतीला गादी उभी केली, आणि मधोमध माइक. माइक कार्डिऑइड होता, म्हणजे समोरचं ऐकणारा आणि पाठीमागच्याकडे काणाडोळा करणारा. त्याची पाठ फ्रिजच्या दिशेला केली. गादी आणि कपाट आधीपासून घरात होतं, हे मनाला जरा लागलंच.

एक वेड अजून बाकी होतं. गाताना माझाच आवाज हेडफोनमध्ये उशिरा यायचा आणि ताल सुटायचा. नवा कॉम्प्युटर घ्यायचा बेत जवळजवळ ठरला होता. मग कळलं की सॉफ्टवेअरमध्ये बफर, म्हणजे पुढे सोडण्याआधी कॉम्प्युटर आवाजाचा जेवढा तुकडा साठवतो तो, १०२४ सॅम्पलवर आहे. सॅम्पल म्हणजे आवाजाचं एकेका क्षणाचं मोजमाप. सेकंदाला ४८,००० सॅम्पल या हिशेबाने तो एकटाच सुमारे २१ मिलिसेकंद खातो. तेवढ्यात आवाज हवेतून सात मीटर जातो, म्हणजे मी खोलीच्या बाहेर उभ्या असलेल्या स्वतःबरोबर गात होतो. बफर १२८ वर आणला आणि तो माणूस घरात आला.

आता रेकॉर्डिंगची तयारी म्हणजे पंखा बंद, खिडक्या बंद, गादी उभी, आणि घड्याळ उतरवून त्याचा सेल बाहेर. घामाने डबडबून तीन-चार टेक होतात, त्यातला एक बरा निघतो. मग तो ऐकण्याच्या आनंदात सेल टेबलावरच राहतो. गेले तीन दिवस आमच्या भिंतीवर पावणेदहा वाजलेत.