तुम्ही विचारलंत म्हणून: मासेमारीच्या बोटींचं नौदलात काय काम?

आरमारी इतिहासावर लिहितो म्हटल्यावर हा प्रश्न ठरलेलाच. विमानवाहू जहाजं, पाणबुड्या असा विषय रंगात आलेला असतो आणि मध्येच कुणीतरी विचारतं, "दोन्ही महायुद्धांत ब्रिटिशांनी म्हणे मासेमारीच्या ट्रॉलर नौदलात घेतल्या होत्या. एवढं जगातलं बलाढ्य आरमार, आणि जहाजं कमी पडली?" विचारण्यात थोडी गंमत असते, थोडी चेष्टाही.

जहाजं कमी पडली, हे खरंच आहे. पण नुसती जहाजं हवी असती तर कुठलीही चालली असती. नौदलाला हवा होता तो मच्छीमारांचा धंदा, आणि तो बोटीसकट, माणसांसकटच मिळत होता.

ट्रॉलर करते काय? तळावरून जाळं ओढत नेते. त्यासाठी त्या काळी डेकवर वाफेवर चालणारं दणकट विंच, म्हणजे दोर गुंडाळायचं यंत्र असायचं, त्यावर शेकडो मीटर पोलादी दोर. जाळ्याचं तोंड उघडं राहावं म्हणून दोन्ही अंगांना जड फळ्या लावलेल्या; बोट चालू लागली की पाण्याच्या रेट्यानं त्या एकमेकींपासून दूर जातात. दोराला ताण किती आहे, खाली काही अडकलंय की नुसतं घासलंय, हे मुरलेल्या खलाशाला दोराच्या थरथरीवरून कळतं.

आता त्या काळचा पाणसुरुंग बघा. तळाशी वजन, त्याला बांधलेली तार, आणि तारेच्या वरच्या टोकाला पाण्याखाली काही फुटांवर दडलेला, शिंगं असलेला स्फोटकांचा गोळा. तो काढायचा तर गोळ्याला हात लावून भागत नाही, तार पकडावी लागते. म्हणजे पाण्याखालून दोर ओढत न्यायचा आणि काय सापडतंय ते बघायचं. हे काम कुणाला येत होतं, ते सांगायला नको.

रशिया-जपान युद्धात, 1904 साली, सुरुंगांनी दोन्ही बाजूंच्या युद्धनौका बुडवल्या. पेट्रोपाव्हलोव्स्क या जहाजाबरोबर रशियाचा अॅडमिरल माकारोव्हही गेला. (त्याच वर्षी ऑक्टोबरात रशियन आरमारानं उत्तर समुद्रातल्या डॉगर बँक या उथळ भागात मासे पकडणाऱ्या, इंग्लंडमधल्या हल बंदराच्या ट्रॉलरवर जपानी टॉर्पेडो बोटी समजून तोफा डागल्या. या बोटींना युद्धनौका समजण्यात रशियनांनी ब्रिटिशांच्याही आधी नंबर लावला म्हणायचा.) पुढं 1907 मध्ये ब्रिटिश अॅडमिरल लॉर्ड चार्ल्स बेरेसफर्ड ग्रिम्सबी बंदरात गेले, ट्रॉलरचं काम पाहिलं आणि सुरुंग काढायला हीच माणसं घ्या, अशी शिफारस केली. पहिलं महायुद्ध पेटायच्या आधीच नौदलाच्या राखीव दलात ट्रॉलरचा वेगळा विभाग उभा राहिला होता.

पद्धत साधी होती. दोन ट्रॉलर काही शे मीटर अंतर ठेवून बरोबरीनं चालायच्या, मध्ये पोलादी दोर. दोर ठरलेल्या खोलीवर राहावा म्हणून त्याला 'काइट' नावाची अवजड चौकट. सुरुंगाची तार दोरात सापडली की तुटायची, गोळा वर यायचा आणि मग डेकवरून त्यावर रायफली चालायच्या. गोळी शिंगाला लागली तर स्फोट, नाहीतर भोकं पडून सुरुंग बुडायचा. गोम एकच: ट्रॉलरचा तळ पाण्यात बराच खोल असतो. दोरात सापडायच्या आधी सुरुंग बोटीलाच लागायची भीती. म्हणून शक्यतो भरतीची वेळ साधून काम चालायचं.

डार्डनेल्स या तुर्की सामुद्रधुनीचं मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण तिथं या लोकांवर अन्याय झाला असं माझं स्पष्ट मत आहे. मार्च 1915. सामुद्रधुनीतले सुरुंग काढायला उत्तर समुद्रातल्या ट्रॉलर आणल्या. दोर ओढताना त्यांचा वेग पाच-सहा नॉट (ताशी सागरी मैल), समोरून येणारा प्रवाह तीन-चार नॉट. उरला तो रमतगमत चालणाऱ्या माणसाचा वेग. रात्रीची वेळ, सर्चलाइटचा झोत अंगावर, दोन्ही किनाऱ्यांवरून तोफा. काही रात्री बोटी मागं फिरल्या. मच्छीमार कच खातात, अशी बोलणी सुरू झाली. त्यांच्या एका अधिकाऱ्यानं मोहिमेतल्या कमोडोर कीज या नौदल अधिकाऱ्याला सांगितलं ते असं: सुरुंगानं उडालो तर त्याची तयारी आहे, पण तोफांच्या माऱ्यात सुरुंग काढायचं कुणी बोललं नव्हतं. यात चूक काय होतं? सुरुंग निघेपर्यंत मोठ्या युद्धनौका तोफा बंद पाडायला जवळ जाऊ शकत नव्हत्या आणि तोफा बंद पडेपर्यंत सुरुंग निघत नव्हते. कोडं वरिष्ठांच्या आखणीत होतं, खापर फुटलं खलाशांवर. नुसरत या छोट्या तुर्की जहाजानं आधी पेरून ठेवलेल्या 26 सुरुंगांनी 18 मार्चला बुव्हे, इरेझिस्टिबल आणि ओशन ही ब्रिटिश-फ्रेंचांची तीन मोठी जहाजं बुडवली. त्यानंतर सुरुंग काढण्यासाठी वेगवान विनाशिका सज्ज करायला घेतल्या. तोवर संधी हातची गेली होती.

नौदल मच्छीमारांकडून शिकलं मात्र खूप. एकाच जहाजाला सुरुंग काढता येतील अशी पुढं निघालेली पद्धत जाळ्याच्या त्या फळ्यांच्याच तत्त्वावर चालते. तिचा प्रयोग ओरोपेसा नावाच्या ट्रॉलरवर झाला, म्हणून ती 'ओरोपेसा स्वीप'. दुसऱ्या महायुद्धात ती सर्रास वापरात होती.

त्या युद्धात या ताफ्याचं मुख्यालय इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या लोस्टोफ्टच्या स्पॅरोज नेस्ट नावाच्या बागेत होतं. 'हॅरी टेटचं नौदल' म्हणून लोक हसायचे. हॅरी टेट म्हणजे रंगमंचावर मोटारीशी झटापट करणारा विनोदी नट. पण जून 1940 मध्ये एडनजवळ मूनस्टोन या ट्रॉलरनं आपल्यापेक्षा मोठी इटालियन पाणबुडी, गॅलिलिओ गॅलिलेई, शरण आणली. आणि 1942 च्या जुलैत आर्क्टिकमध्ये रशियाला युद्धसामग्री नेणाऱ्या पीक्यू-17 या जहाजांच्या ताफ्याला पांगायचा हुकूम आला, तेव्हा एअरशायर ट्रॉलरचा कप्तान लिओ ग्रॅडवेल, जो पेशानं बॅरिस्टर होता, तीन मालवाहू जहाजं घेऊन सरळ बर्फात घुसला. जहाजांना पांढरा रंग फासला, डेकवरच्या रणगाड्यांच्या तोफा भरून ठेवल्या आणि जर्मन विमानं निघून जाईपर्यंत थांबला. चारही जहाजं वाचली.

या उत्तरावर पुढचा प्रश्न हमखास येतो: युद्ध संपल्यावर बोटी मालकांना मिळाल्या का? वाचल्या त्यांतल्या बऱ्याच मिळाल्या. तोफ उतरवली, खलाशांच्या झोपायच्या जागेचं पुन्हा मासे ठेवायचं कोठार केलं आणि त्या धंद्याला लागल्या. मधल्या वर्षांत मासेमारी घटल्यानं उत्तर समुद्रातला मासा वाढला होता, त्यामुळे सुरुवातीला जाळी भरभरून आली. अधूनमधून त्यांत सुरुंगही यायचे, आणि तेव्हा काय करायचं हे डेकवरच्या जुन्या माणसांना कुणी शिकवावं लागलं नाही.